पारूबाईची पळी

भांडीकुंडी बोलायची, त्या काळची ही गोष्ट. दौलतअप्पांची पळी त्यांच्या ताटात रोज मटणाचा रस्सा दोनदा वाढी. त्यांची बायको पारूबाई तसंच वाढायची. ती गेल्यावरही पळीनं तिची रीत सोडली नाही. अप्पांचं अंग सुटलं, पायाचा अंगठा सुजून लाल झाला, चालणं थांबलं. वैद्यांनी मटण कमी करा म्हटलं, पण पळी ऐकेना.

शेवटी उंबऱ्याबाहेरून वहाण म्हणाली, "पळीबाई, पुरे कर तुझी माया! मी धूळ खात पडलेय."

"मग उपाशी ठेवू त्यांना? पारूबाई काय म्हणेल?"

"अगं, जेवण झालं की ती त्यांना मळ्यापर्यंत चालवत न्यायची. चुलीपाशी बसून तुला कसं दिसणार ते?"

त्या दिवसापासून पळीनं एकदाच वाढलं, तेही दोडक्याचं कालवण.

काही महिन्यांनी धुक्यात वहाणा वाजल्या. अप्पा मळ्याकडे चालले होते, हळूहळू, वाटेच्या कडेनं, शेजारी एका माणसापुरती जागा ठेवून.