वेसकराची भाकरी

गावांना वेशी होत्या आणि वेशींना दारे होती, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. एका गावात नियम होता: वेशीची राखण करणाऱ्या वेसकराने दारोदार भाकरी मागून खावी, आणि हे असे का, ते कधी विचारू नये.

वेसकराच्या मुलीला हा नियम लहानपणापासून पाठ होता. गावात राजाचे कोठार होते. सुगीला प्रत्येक घर त्यात आपला वाटा घाली. त्यातून राजाच्या घोड्यांना रोजचे चणे ठरलेले होते. वेसकराला काहीच ठरलेले नव्हते. ज्या घराची मर्जी असेल ते घर वाढी. मर्जी फिरली की त्या दिवशी चूल थंड.

भाकरी मोडताना बाप म्हणे, “एकदा तरी अशी भाकरी खायचीय, जिच्यासाठी कुणापुढे मान वाकवावी लागली नाही. चव कशी असेल गं तिची?”

“मीठ कमी असेल, बा,” मुलगी म्हणे. दोघे हसत. मग बाप बराच वेळ दाराकडे बघत राही, जणू ती भाकरी आत्ता येणार होती.

एके दुपारी ती बापासाठी पाणी घेऊन वेशीवर गेली. सावकाराचा मुलगा कुंभारणीची तांबडी कालवड चोरून बाहेर हाकत होता. मागून कुंभारीण हाका मारत धावत होती. बापाच्या फडक्यात सकाळची भाकरी होती, सावकाराच्याच घरची. बापाने अडसर काढला आणि तो आभाळाकडे बघत उभा राहिला.

कालवड गेली. त्या दिवशी बाप जेवला नाही. त्या चवीचा विषयही त्याने पुन्हा काढला नाही. पुढच्या सुगीआधी तो वारला.

तेरावा झाल्यावर गावातली थोर मंडळी वेसकराची काठी घेऊन वेशीपाशी तिच्याजवळ येऊन बसली. हा तुझ्या घराचा मान आहे, आता वेस तू सांभाळ, असे त्यांनी सांगितले.

मुलगी म्हणाली, “वेसकराचं धान्य कोठारातून ठरवा. दर पौर्णिमेला. पीक येवो न येवो, आम्ही कुणाला आवडो न आवडो.”

सगळ्यांत वयस्कर म्हातारा हसला. “पोरी, गावाची माया काय कमी आहे? तुझा बाप जन्मभर मागून जेवला, कधी कुरकुरला नाही.”

“नाही कुरकुरला, आजोबा. एका भाकरीची वाट बघत मेला. माया एवढी पुरत असेल, तर राजाचे घोडेही पाठवा एक दिवस दारोदार.”

म्हाताऱ्याने काठी तिच्या हातात दिली.

“त्या दुपारी बाला चोर दिसला होता,” ती म्हणाली. “मला तसं आभाळाकडे बघायचं नाही. ही काठी मी घेणार नाही.”

तिने काठी म्हाताऱ्याच्या गुडघ्याला टेकवून ठेवली. गुरे घरी परतत होती. वेशीचे दार सताड उघडे होते आणि ते लावायला कुणी नव्हते. थोर मंडळी काठीकडे बघत बसून राहिली.

तात्पर्य: राखणदाराची भाकरी साऱ्यांच्या कोठारातून ठरलेली असेल, तरच त्याची नजर साऱ्यांवर सारखी राहते.