हैबतीच्या जागी

नदीकाठच्या एका लहानशा संस्थानात एक राजा होता. लढाया करायची त्याला हौस नव्हती आणि ऐपत तर मुळीच नव्हती. पण शेजारच्या राजाची जिरवायची इच्छा मात्र दांडगी. म्हणून त्याने पदरी चेंडू खेळणाऱ्यांचा एक संघ बाळगला होता. खेळाडूंना राहायला घर आणि वर्षाचं धान्य राजवाड्यातून मिळे. त्या बदल्यात दर दसऱ्याला शेजारच्या संघाला हरवायचं, एवढंच त्यांचं काम.

खेळ सोपा होता. एकाने मैदानाच्या मधून चेंडू लांब फेकायचा. दुसऱ्याने कडेकडेने धावत, समोरच्या गड्यांना चुकवत, तो वरच्या वर झेलायचा. फेकणारा होता सुभानजी आणि झेलणारा हैबती. दोघं लहानपणापासूनचे जिवलग. चेंडू फेकताना सुभानजी हैबतीकडे बघतसुद्धा नसे. हैबती लांब ढांगा टाकत कुठवर पोहोचला असेल हे त्याच्या हाताला ठाऊक होतं.

एकदा सराव करताना हैबतीचा पाय खळग्यात गेला. गुडघा असा मोडला की हाडवैद्याने हात टेकले. "चालेल, पण धावणार नाही," तो म्हणाला. सुभानजीला त्या दिवशी घास गिळवला नाही.

राजाने हैबतीच्या जागी गोंदा नावाचा गडी आणला. बुटका, चपळ आणि सदा हसतमुख. जत्रेतल्या खेळात त्याने घेतलेले झेल बघून राजाचे कारभारी तोंडात बोट घालून बसले होते. संघाची एक रीत होती. जाणाऱ्याने आपल्या कमरेचा शेला सोडून येणाऱ्याच्या कमरेला बांधायचा. हैबतीने काठीवर रेलून तो बांधला आणि गोंदाच्या पाठीवर थाप मारली. "बिनघोर खेळ रे बाबा," तो म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुभानजी तेवढा पाणी प्यायच्या निमित्ताने तिथून निघून गेला.

त्यानंतर हैबती मैदानाकडे फिरकला नाही. त्याला ते बघवत नव्हतं.

सराव सुरू झाला. सुभानजीने फेकलेला चेंडू दर वेळी गोंदाच्या पुढे जाऊन पडे. फार नाही, वीतभर. गोंदा धापा टाकत परत येई आणि पुन्हा धावे. शेवटी एक दिवस तो भीत भीत म्हणाला, "दादा, चेंडू जरा अलीकडं टाकाल का?"

"हैबतीला असाच लागायचा," सुभानजी म्हणाला.

"मग माझेच पाय तोकडे पडत असतील," गोंदा म्हणाला आणि पहाटे उठून एकटाच धावायला लागला.

सुभानजी काही दुष्ट नव्हता. आपण त्या माणसाचं वाईट करतो आहोत असं त्याच्या मनात कधी आलं नाही. पण चेंडू जमिनीवर पडला की बघणारे हळहळत, "हैबतीची सर कुणाला यायची नाही." ते ऐकून सुभानजीच्या जिवाला बरं वाटे. आपला मित्र अजून आपल्यातच आहे असं वाटे. त्या गोड वाटण्यापायी त्याने आपला हात कधी तपासलाच नाही.

गोंदाचं हसू मात्र हळूहळू कमी झालं. तो चेंडूकडे बघण्याआधी लोकांच्या तोंडाकडे बघायला लागला.

दसरा आला. मैदान माणसांनी फुलून गेलं. हैबतीही काठी टेकत आला आणि कडेला बसला. सामना अटीतटीचा झाला. शेवटचा चेंडू सुभानजीने डोळे मिटून टाकावा तसा फेकला. गोंदाने जिवाच्या आकांताने उडी घेतली. बोटं चेंडूला लागली आणि चेंडू निसटला. शेजारच्या संघाने मैदान डोक्यावर घेतलं. राजाने तिथेच गोंदाला घरी जायला सांगितलं. गोंदाने कमरेचा शेला सोडला, घडी करून बाकावर ठेवला आणि मान खाली घालून तो चालायला लागला.

हैबती सुभानजीजवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"सुभान्या, चेंडू कुणाला टाकलास?"

"गोंदाला."

"गोंदा तिथं नव्हता रे. तिथं मी असायचो."

महिनोन्‌महिने आपण एका माणसाला, जिथे तो कधीच असणार नव्हता अशा जागी धावायला लावलं, हे सुभानजीला त्या एका वाक्याने कळलं. त्याच पावली गोंदामागे जायला हवं होतं. पण चारचौघांत कसं बोलावं, म्हणून तो गेला नाही. मग लाज वाटली म्हणून गेला नाही. असं करता करता उन्हाळा आला.

शेवटी तो गोंदाच्या गावी गेला. नदीच्या वाळूत गोंदाच्या भावाची कलिंगडाची वाडी होती. माणसं रांगेने उभी राहून कलिंगडं या हातातून त्या हातात फेकत होती. गोंदा रांगेत नव्हता. तो एकेक कलिंगड पोटाशी धरून वाहत होता.

"तो आता झेलत नाही," भाऊ म्हणाला. "माझ्या हातात काही टिकत नाही म्हणतो."

सुभानजी गोंदासमोर उभा राहिला. "गोंदा, तुझं काही चुकत नव्हतं. माझाच चेंडू चुकत होता. तू तुझ्या जागी बरोबर होतास."

गोंदाने पोटाशी धरलेलं कलिंगड खाली ठेवलं. मग म्हणाला, "हे तेव्हा सांगायचं होतंत, दादा."

सुभानजीने बरोबर आणलेला चेंडू त्याच्याकडे टाकला. अगदी हलका, नेमका त्याच्या छातीशी. गोंदाचे हात वर आले नाहीत. चेंडू छातीला लागून वाळूत पडला. गोंदाने वाकून तो उचलला, वाळू पुसली आणि दोन्ही हातांनी सुभानजीला परत दिला.

"दुसऱ्या कुणाला टाका, दादा," तो म्हणाला, आणि पुढचं कलिंगड उचलायला वळला.

तात्पर्य: गेलेल्यावरची माया आलेल्याच्या जिवावर जपू नये, आणि आपली चूक कळली, की समोरच्याचा धीर खचायच्या आत ती कबूल करावी, कारण मागाहून मागितलेली माफी त्याचा गेलेला विश्वास परत आणत नाही.