खेळपट्टीचा लेखी अहवाल

पाच देशांच्या क्रिकेट स्पर्धेचा अंतिम सामना दुपारी दोनला सुरू झाला आणि चारच्या आत आटोपलाही. पहिला संघ अठ्ठेचाळीस धावांत गारद झाला आणि दुसऱ्याच्या सलामीच्या जोडीनं त्या सहा षटकांत काढून टाकल्या. संध्याकाळी मंत्री बक्षीस द्यायला आले, तोवर स्टेडियम ओस पडलं होतं.

आयोजक संघटनेचे सचिव देशमाने यांचा पारा चढला. कुणाच्या तरी माथी खापर फोडायलाच हवं होतं. त्यांनी खेळपट्टी तयार करणाऱ्या बोंडेकाकांना मंत्र्यांसमोरच बोलावलं.

“बोंडे, तुमच्या खेळपट्टीनं सामन्याचा विचका केला. तिच्यावर फलंदाज उभाच राहू शकत नव्हता, असं लिहून द्या.”

तीस वर्षं बोंडेकाकांनी ते मैदान जिवापाड जपलं होतं. लिहून दिलं तर नाव जाणार, नाही दिलं तर नोकरी. त्यांनी पेन मागितलं आणि सावकाश चार ओळी लिहिल्या.

मंत्र्यांनी कागद घेऊन मोठ्यानं वाचला. “पहिल्या डावात या खेळपट्टीवर दहा फलंदाज उभे राहू शकले नाहीत. दुसऱ्या डावात तिच्यावरून दोघांना कुणी हलवू शकलं नाही. मधल्या वेळेत खेळपट्टी बदललेली नाही. बदलले ते फक्त फलंदाज.”

मंत्र्यांना हसू आवरेना. “देशमाने, अहवाल चोख आहे. करा सही.”

देशमान्यांनी सही केली.

“येऊ का मग?” बोंडेकाका म्हणाले. “खेळपट्टीला पाणी द्यायचंय.”