सय

“आणि परत कधी येणार?” सुमनसार थेरांनी विचारलं.

या प्रश्नाची तयारी प्रशिकने केली नव्हती. घरी जायची परवानगी मागायची, पाया पडायचं आणि निघायचं, एवढंच त्याने मनाशी घोकलं होतं. तो चटईवर बसला होता. समोर वेताच्या खुर्चीत ते वृद्ध भिक्षू. दुपारचं जेवण आटोपून विहार निवांत झाला होता. बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं.

“परत... येणार नाही, भन्ते.”

थेरांनी मान हलवली. रागावले नाहीत, थांब म्हणाले नाहीत. का जातोस, एवढंच त्यांनी विचारलं.

प्रशिक लोणारे भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचा. पाली घेऊन एम. ए. झालेला, विद्यापीठात पहिला आलेला, सुवर्णपदक मिळवलेला. श्रीलंकेतल्या डोंगरावरच्या या विहारात तो दोन वर्षं शिकायला म्हणून आला, तेव्हा सारी वस्ती त्याला बसस्टँडपर्यंत सोडायला आली होती. परदेशी शिकायला जाणारा वस्तीतला तो पहिलाच.

आज नववा दिवस होता.

पहिल्या दिवशी त्याने थेरांपुढे पाठ करून आणलेलं पालीतलं भाषण केलं होतं. लांबलचक, अलंकारिक. थेरांनी ते शांतपणे ऐकलं आणि पालीतच दोन शब्दांत विचारलं, जेवलास का? ते दोन शब्द प्रशिकला तिसऱ्यांदा सांगितल्यावर कळले. तसलं वाक्य कुठल्या परीक्षेत कधी आलंच नव्हतं.

त्या दिवसापासून थेर त्याच्याशी पालीशिवाय बोलले नव्हते. बाकीचे सगळे सिंहलीत बोलत. प्रशिक हसून मान डोलवायचा. डोलवून डोलवून मान दुखायला लागली होती.

भात पवनीतही, भात इथंही. तरी घास उतरत नव्हता. तांदूळ जाडा, खोबऱ्याचा वास प्रत्येक भाजीला. त्याचं नाव कुणालाच नीट घेता येत नव्हतं, म्हणून सगळे त्याला ‘इंदियाव’ म्हणायचे, म्हणजे नुसतं ‘भारत’. नऊ दिवसांत त्याला कुणी प्रशिक म्हणून हाक मारली नव्हती.

आईची हाक तेवढी फोनवर यायची. “बेस हायस ना बाबू?” असं विचारायची आणि त्याचं ‘हो’ ऐकलं की लगेच फोन ठेवायची. इतक्या लवकर का ठेवते, हे त्याला ठाऊक होतं. तोही दुसऱ्यांदा लावायचा नाही.

पण यातलं काही त्याने थेरांना सांगितलं नाही. त्याने वेगळीच कारणं दिली. आपल्याला नवख्यांच्या वर्गात बसवलंय, तिथं चाललेलं व्याकरण आपण सात वर्षांपूर्वीच संपवलंय, ग्रंथालयातल्या निम्म्या प्रती आपल्याकडे नागपुरातच मिळतात. सगळं शुद्ध पालीत, एकही विभक्ती न चुकता. बोलता बोलता त्याचा आवाज चढला. आपण चांगलं बोलतोय, हेही त्याच्या लक्षात आलं.

थेरांनी सगळं ऐकून घेतलं.

“ही जाण्याची कारणं झाली,” ते म्हणाले. “तुला झालंय काय?”

“...काही नाही, भन्ते.”

“सांग.”

प्रशिकने तोंड उघडलं. दुःखाचे सगळे प्रकार त्याला क्रमाने येत होते. वियोगावर त्याने वीस पानांचा निबंध लिहिला होता, त्याच्याच गुणांवर तर पदक मिळालं होतं. पण आत्ता, या चटईवर, जे होत होतं त्याला काय म्हणायचं, हे त्याला कळेना. जो शब्द आठवावा तो त्या निबंधातलाच वाटायचा.

बाहेरचा खराटा थांबला.

“सय येते,” तो मराठीत म्हणाला. “मायची सय येते.”

बोलला आणि खाली बघू लागला. नऊ दिवसांत फोनवर सोडून तोंडातून निघालेले ते पहिलेच मराठी शब्द.

“सै,” थेर म्हणाले. “हा कुठल्या ग्रंथातला?”

“ग्रंथातला नाही, भन्ते. घरातला.”

थेर खुर्चीतून उठले. ऐंशीच्या घरातलं शरीर, उठायला वेळ लागला. चीवर सावरत ते चटईवर येऊन बसले, प्रशिकच्या अगदी समोर. मग त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

प्रशिक घाबरून मागे सरकला. भिक्षूसमोर गृहस्थाने उंच आसनावर बसायचं नसतं. इथं तर सोडाच, पवनीच्या विहारातही कुणी बसत नाही. त्याने हात जोडले, नको म्हणाला, पुन्हा नको म्हणाला.

“शिकवणारा वर बसतो,” थेर म्हणाले. “मला तो शब्द येत नाही. तुला येतो.”

ते हात जोडून बसून राहिले. त्यांना तसं बसलेलं पाहवेना, म्हणून शेवटी प्रशिक उठला आणि खुर्चीच्या कडेला टेकला, अर्धा आत, अर्धा बाहेर.

“सै.”

“सय, भन्ते. शेवटी य.”

“सय्य.”

“एकच य.”

थेरांनी पाच-सहा वेळा म्हणून पाहिलं. दर वेळी वर बघायचे, बरोबर आलं का म्हणून. प्रशिकला हसू आलं आणि ते हसू कुठेतरी भलतीकडेच वळायला लागलं, तसे त्याने ओठ दाबले.

“याचा अर्थ काय?”

प्रशिकने आधी ‘स्मृती’साठीचा पाली शब्द दिला. थेरांनी मान हलवली नाही. त्याने ‘तृष्णे’चा दिला, मग ‘शोका’चा. थेर नुसते वाट पाहत राहिले.

मग प्रशिक सांगू लागला.

नागपुरात शिकत असताना तो दर शनिवारी एस.टी.ने पवनीला यायचा. एस.टी.ला पालीत काय म्हणायचं? तो म्हणाला, लोखंडाची मोठी गाडी, तिला बैल नाहीत. थेरांनी गंभीरपणे मान डोलवली. गाडीतून उतरलं की स्टँडवर आई उभी असायची. माझ्यासाठी आलीस का, असं विचारलं की म्हणायची, छे, भाजी घ्यायला आली होती. पाच वर्षं, दर शनिवारी. ऊन असो, वैनगंगेला पूर येऊन गाडी तीन तास उशिरा येवो, ती आपली भाजी घ्यायला आलेली.

विभक्त्या चुकत होत्या. भूतकाळाच्या जागी वर्तमानकाळ येत होता, एकवचनाच्या जागी अनेकवचन. जिथं शब्द सापडला नाही, तिथं त्याने हातांनी दाखवलं. आई कशी उभी राहायची, पदर कसा डोक्यावर घ्यायची. थेरांनी एकही चूक सुधारली नाही.

“पिशवीत काय असायचं?” त्यांनी विचारलं.

“कसल्या?”

“भाजीच्या.”

पदर दाखवणारे हात प्रशिकने खाली घेतले.

“...काही नाही, भन्ते. रिकामी असायची.”

थेरांनी डोळे मिटले.

प्रशिकने बाहीने तोंड पुसलं. नऊ दिवस आवरून धरलेलं सगळं बाहेर आलं होतं आणि त्याची लाज वाटायलाही आता त्राण उरलं नव्हतं. ऊन खिडकीतून चटईवर आलं होतं. थेरांच्या पायांवर, नखांवर.

“भन्ते,” त्याने विचारलं, “तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?”

थेर खिडकीतून खाली दरीकडे, चहाच्या मळ्यांच्याही पलीकडे कुठेतरी बघत राहिले. ते दक्षिणेकडच्या समुद्रकाठच्या गावातले, पोरवयातच विहारात आलेले, एवढंच प्रशिकने ऐकलं होतं.

“होता एक शब्द,” ते म्हणाले. “समुद्राकडची माणसं बोलतात तो. पण ज्यांना सांगायचा, ती माणसं एकेक करून गेली... मग शब्दही गेला.”

ते पुन्हा म्हणाले, “सय.” कुणाला शिकवायला नाही, कुणाकडून शिकायलाही नाही. या वेळी अगदी बरोबर आलं होतं.

प्रशिक खुर्चीवरून उतरला आणि त्यांच्यासमोर चटईवर बसला. शहराकडे जाणारी गाडी सकाळी सातला सुटते, हे त्याने कालच विचारून ठेवलं होतं. बॅगही भरून झाली होती.

“मग... मी उद्या निघू का, भन्ते?”

थेरांनी उठण्यासाठी हात पुढे केला. प्रशिकने तो धरला.

“उद्या कसा जाशील?” थेर म्हणाले. “मला अजून एकच शब्द आलाय.”