खड्ड्यात गेलेला बॉल

“खड्ड्यात ठेवलेलं परत वर कधी काढायचं?” एवढंच विचारत फिरणारा एक भोळा एका गावात होता. नाव सिद्राम. महिनाभर त्यानं साऱ्या गावाला विचारलं. कोणी डोळे पुसले, कोणी वाट बदलली. उत्तर कोणीच दिलं नाही.

झालं होतं असं. गावाच्या माळावर गोल्फचं नवं मैदान झालं. तिथलं गवत सिद्रामच्या थोरल्या भावानं, इराप्पानं वाढवलं. गवत वर आलं आणि इराप्पा तापानं गेला. त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात. तसा त्याला बसवला. सिद्राम नुसता खड्ड्यात बघत उभा. तेव्हा गौरावैनी म्हणाली, “भावजी, असं बघत उभं राहू नये. खड्ड्यात गेलं की सगळ्यांनी मूठमूठ माती टाकायची असते.”

सिद्रामनं ते पक्कं लक्षात ठेवलं.

मग मैदानाचे मॅनेजर देवस्थळी घरी आले. म्हणाले, “इराप्पाची जागा तुला देतो.”

“नको. तिथं अण्णा बसलाय.”

वैनीनं कपाळाला हात लावला. “जागा म्हणजे नोकरी, भावजी! नोकरी आहे तोवर ही खोली आपली. नाहीतर दोन पोरींना घेऊन मी जाऊ कुठं?”

“उद्घाटनाचा दिवस नीट पार पाड, नोकरी पक्की,” मॅनेजर म्हणाले. “फक्त सांगेन तसं करायचं.”

“सांगाल तसंच,” सिद्राम म्हणाला.

उद्घाटनाला राजेशिर्के साहेब आले. पांढरी पँट, पांढरे बूट. मैदान बघून म्हणाले, “वा! गालिचा आहे गालिचा! कोणी वाढवलं हे गवत?”

“अण्णानं,” सिद्राम म्हणाला.

“कुठं आहे तो?”

“बसलाय.”

“मग बोलवा की त्याला! मला भेटायचंय.”

मॅनेजर घाईघाईनं मध्ये पडले. “सिद्राम, साहेबांचा बॉल टीवर ठेव.”

सिद्राम धावत गेला, कपभर गरम टी घेऊन आला आणि बॉल त्यात सोडला.

“अरे गाढवा, टी म्हणजे ही लाकडी खुंटी! ती जमिनीत खोचायची आणि वर अलगद ठेवायचं.”

“बरं.”

साहेबांनी पहिला टोला मारला. खूश झाले. म्हणाले, “आता जरा टी मिळेल का?”

सिद्रामनं साहेबांच्या पायाशी खुंटी खोचली आणि तिच्यावर कप अलगद ठेवला. कप साहेबांच्या पँटवर गेला.

“ओलं झालं की आधी पुसायचं असतं!” मॅनेजर ओरडले. “टॉवेल घे, पुसून कोरडं कर, मग पुढचं!”

“बरं.”

पुढचा बॉल तळ्यात पडला. सगळे बघतात तर सिद्राम गुडघाभर पाण्यात उभा राहून टॉवेलनं तळं पुसतोय.

“काय करतोयस?”

“कोरडं. मग पुढचं.”

साहेबांना हसू आलं. “पाण्यात गेलं त्याचा नाद सोडायचा रे. दुसरा घ्यायचा आणि पुढं चालायचं.”

“बरं.”

एवढं सांगताना साहेबांचा पाय घसरला आणि ते धपकन तळ्यात बसले. सिद्रामनं तिकडं वळूनही पाहिलं नाही. साहेबांची काठी मॅनेजरच्या हातात दिली. “आता तुम्ही साहेब. चला पुढं.”

साहेब स्वतःच वर आले. नखशिखांत चिखल. मॅनेजरच्या हातून काठी हिसकावली आणि रागाच्या भरात, न बघताच, असा टोला हाणला की बॉल गेला तो थेट लांबच्या झेंड्याजवळच्या खड्ड्यात! एका टोल्यात! साहेबांच्या जन्मात असं झालं नव्हतं. पाहुणे धावत खड्ड्यापाशी गेले आणि तोंडं उघडी टाकून आत बघत उभे राहिले.

सिद्रामला वाईट वाटलं. यांना कोणी शिकवलेलं दिसत नाही. त्यानं शेजारच्या वाफ्यातली मूठभर माती खड्ड्यात टाकली. “असं बघत उभं राहू नये. सगळ्यांनी मूठमूठ टाका.”

इथली पद्धत असेल, असं वाटून पाहुण्यांनीही टाकली. एका बाईंनी तर पायातली चप्पल काढून माती टाकली. खड्डा भरला.

साहेब धापा टाकत पोचले. “माझा बॉल! तो मी काचेच्या पेटीत ठेवणार होतो! वर काढ!”

“वर?” सिद्राम साहेबांच्या जवळ सरकला. “कधी?”

“कधी काय? आत्ता! खड्ड्यात गेलेलं लगेच वर काढायचं असतं! एवढंही तुला कोणी सांगितलं नाही?”

“नाही,” सिद्राम म्हणाला. “लई जणांना विचारलं.”

त्यानं फावडं उचललं आणि पळत सुटला.

“अरे, कुठं चाललास? खड्डा इथं आहे!” मॅनेजर ओरडले. “नोकरी जाईल!”

“जात नाही! ज्याची आहे त्यालाच आणतो!”

वाटेत खोली लागली. दारातूनच तो म्हणाला, “वैनी, चहा टाका. अण्णा महिनाभर बसून अवघडला असेल. साहेबांनीही भेटायला बोलावलंय.”

वैनीनं त्याच्याकडं पाहिलं, फावड्याकडं पाहिलं. पोरी तिला येऊन बिलगल्या.

सिद्राम दोन पावलं गेला आणि परत आला. दोरीवरचा कोरडा टॉवेल त्यानं खांद्यावर टाकला. अण्णा बसलाय तिकडची माती ओली होती. आधी पुसायचं असतं, मग पुढचं.