टोपण राहिलं

"आवाज येतो, मग चित्र का येत नाही?"

महांतेशने केबल चाचांच्या पुढ्यात ठेवली. ठेवली कसली, आपटलीच.

दस्तगीरचाचांनी केबलकडे पाहिलं नाही. ते ब्रशने माझ्या ट्रान्झिस्टरच्या पोटातली धूळ झाडत होते, ती झाडत राहिले.

मिरजेत स्टेशनकडून बाजारात येताना चाचांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान लागतं. आता रेडिओ कोण दुरुस्त करतो म्हणा! पण माझा ट्रान्झिस्टर तिथे दोन महिने मुक्कामाला होता आणि मी रोज सकाळी त्याची तब्येत विचारायला जायचो. पेन्शनीत निघालेल्या ड्रॉइंगमास्तरला दुसरं काम काय असणार? म्हणून हे सगळं मला पाहायला मिळालं.

महांतेश चाळिशीचा. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर, हाताखाली साठ माणसं. ही माहिती कुणी विचारलेली नसताना त्याने पायरीवरच दिली होती.

"ही तिसरी केबल आहे," तो म्हणाला. "जुना व्हिडिओ गेम आहे, टीव्हीला जोडायचा. त्याची केबल आता कुठेच मिळत नाही, म्हणून घरी करावी लागली. आकृती बरोबर आहे. चारही तारा मीटर लावून तपासल्यात."

"मीटर काय म्हणतोय?"

"सगळं ठीक आहे म्हणतो."

"आणि टीव्ही?"

...

चाचांनी ब्रश ठेवला. केबल उचलली. चित्राची पिवळी पिन असते, तिचं टोपण फिरवून मागे सरकवलं आणि आतली तार दोन बोटांनी हलकेच ओढली.

तार सुटून हातात आली. जोडाचं कथील, म्हणजे सोल्डर, पिनेवरच राहिलं.

"सोल्डर तापवलंस," चाचा म्हणाले. "तार न्हाई तापवलीस. वरनं नुसतं चिकटलंय हे."

महांतेशचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

"कुणासाठी करायलाईस?" चाचांनी विचारलं.

"त्याचा केबलशी काय संबंध?"

चाचा गप्प बसले. त्यांचं गप्प बसणं फार लांबतं. गिऱ्हाइकं त्यात घाबरून काय काय सांगून टाकतात.

"आईसाठी," महांतेश शेवटी म्हणाला.

मग त्याने सांगितलं. आईला दोन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पाय सावरला, पण उजवा हात गेला. तीस वर्षं तिने त्या हाताने ब्लाउज शिवले होते. डॉक्टर म्हणाले होते, हात वापरात ठेवा. आणखी महिनाभरात बोटं हलायला लागली तर लागली, नाहीतर ती अशीच आखडून बसतील.

"मी सुट्टी काढून आलोय. तक्ता करून भिंतीवर लावलाय. दाबायला रबरी चेंडू आणलाय, सकाळी पन्नास वेळा, संध्याकाळी पन्नास वेळा. ती दाबतच नाही. चेंडू गादीखाली लपवते! लहान पोरासारखी. तिला कितीदा सांगायचं? चेंडू चुकीचा धरला की दाखवतो, अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवतो. तर म्हणते, तू जा पुण्याला."

"मग हा गेम?"

"मी शाळेत असताना घेतलेला. वरून विटा पडतात, त्या फिरवून खाली बसवायच्या. मी शाळेत गेलो की ही दुपारी मशीन बंद करून चोरून खेळायची. माझ्यापेक्षा पुढे गेली होती." तो पहिल्यांदाच हसला. "गेम लागला की तिच्या हातात बटणं देणार. अंगठा हलेल. तिला आधी सांगितलेलं नाही. सगळं तयार करूनच पुढ्यात ठेवणार."

"सगळं तयार करून..." चाचा म्हणाले.

त्यांनी सोल्डरगन लावली. नवी तार काढली. एका टोकाला पिवळी आणि पांढरी अशा दोन पिना स्वतः लावून दिल्या, चित्राची आणि आवाजाची. दुसऱ्या टोकाला गेमची चौकोनी पिन यायची होती. ती आणि तिचं काळं टोपण त्यांनी महांतेशपुढे सरकवलं.

"हे तू कर. तार मी धरतो."

"तुम्ही कशाला? माझ्या बॅगेत चिमट्याचं स्टँड आहे. भिंगासकट."

"ऱ्हाऊ दे बॅगेत."

चाचांनी तार धरली. त्यांचं वय शहात्तर. तारेचं टोक पिनेपाशी आलं आणि लटलट हलायला लागलं.

महांतेश थांबला. "चाचा... हात हलतोय तुमचा."

"व्हय. धा वर्षं झाली."

"मग जमणार कसं?"

त्यांनी आपलं मनगट महांतेशच्या मनगटाला टेकवलं, हातावर हात ठेवावा तसं.

तारेचं टोक थांबलं.

"तार तापव," चाचा म्हणाले. "सोल्डर आपसूक येतंय."

महांतेशने तार तापवली. सोल्डर पाण्यासारखं वाहत आत गेलं आणि चकाकलं. दुसरी तार. तिसरी. चौथीला तर त्याने श्वास रोखून धरला होता. मीही धरला होता.

"झालं!" त्याने गन खाली ठेवली. "बघा! आता ओढून बघा."

चाचांनी ओढलं. सुटलं नाही. त्यांनी केबल टीव्हीला लावून पाहिली नाही, काही नाही. नुसते टेबलाकडे पाहत राहिले.

महांतेशनेही पाहिलं.

टेबलावर काळं टोपण पडलं होतं.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिनेचं टोपण मागून चढतं. ते तार जोडण्याआधीच तारेत ओवून मागे सरकवून ठेवावं लागतं. एकदा दोन्ही टोकांना पिना बसल्या की ते आत घालायला वाटच उरत नाही. चारही जोड तोडायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

"तुम्ही पाहिलं होतंत?" महांतेशने विचारलं.

"पाहिलं की."

"कधी?"

"तू पैली तार उचललीस तवाच."

"मग बोलला का नाहीत?" तो उभाच राहिला. "तास गेला माझा! एक शब्द बोलला असतात तर... शिकवायची ही काय पद्धत झाली?"

चाचांनी खालच्या फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. झाकण उघडलं आणि डबा टेबलावर पालथा केला.

तारांची छाटलेली टोकं. प्रत्येकाला एक पिन, स्वच्छ सोल्डर केलेली, आणि टोपण एकालाही नाही. साठ-सत्तर तरी असतील. काहींचं पितळ काळं पडलेलं, काही नवी कोरी.

"ही कुणाची?"

"माझी," चाचा म्हणाले. त्यांनी ढिगातून एक उचललं. "हे गेल्या सोमवारचं."

...

महांतेश खाली बसला. बराच वेळ ती टोकं बोटांनी उलटसुलट करत राहिला. मला वाटलं हसेल. तो हसला नाही.

"मी आईला रोज ओरडतो," तो म्हणाला. "चेंडू पडला की ओरडतो."

चाचा टोकं परत डब्यात भरत होते.

महांतेशने गन उचलली, पहिला जोड सोडवायला. चाचांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. बटण बंद केलं. नव्या तारेचं भेंडोळं, आणखी काही पिना, टोपणं, सोल्डर, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळलं.

"घरी कर."

"घरी तार कोण धरणार?" आणि मग लगेच, "स्टँड आहे म्हणा माझं."

चाचांनी हात पुढे केला. महांतेश आधी समजला नाही. मग त्याने मुकाट्याने बॅगेतून स्टँड काढून त्यांच्या हातात दिलं. चाचांनी ते माझ्या ट्रान्झिस्टरशेजारी फळीवर ठेवलं.

"अहो, घरी फक्त आई असते."

"हां."

"तिचा उजवा हलत नाही, डावा थरथरतो, चाचा. धड पेला धरता येत नाही तिला."

चाचांनी आपला उजवा हात वर केला आणि तसाच हवेत धरला. तो लटलट हलत होता. महांतेश त्या हाताकडे पाहत राहिला...

"आणि तिच्याकडून तार सुटली तर?" त्याने हळू आवाजात विचारलं.

चाचांनी डब्यातली टोकं एका पिशवीत ओतली आणि मोकळा डबा त्याच्या हातात दिला.

तो गेल्यावर मी म्हणालो, "चाचा, पोळलं-बिळलं त्या बाईला म्हणजे?"

"तीस वर्षं शिवणकाम केलंय तिनं, मास्तर. सुई काय कमी टोचली असंल?"

मी चपला घातल्या आणि घरी निघालो.

एकोणीस दिवसांनी महांतेश परत आला. डबा हातात होता. पायरीवर त्याने कुणाला काही माहिती दिली नाही. आत येऊन नुसता बसला.

"चित्र आलं?" चाचांनी विचारलं.

"आलं."

"आणि आवाज?"

"आवाज नाही." एवढं बोलून तो चक्क हसायला लागला.

त्याने डबा उघडला. आत पाच टोकं होती.

"पहिल्या दिवशी म्हणाली, मला नको त्यात ओढू. मी म्हणालो, आई, मला एकट्याला जमत नाही, तार धर. तर माझ्याकडे बघतच राहिली. मी असं कधी म्हणालोच नव्हतो ना! मग म्हणाली, आण इकडे." त्याने एकेक टोक बाहेर ठेवलं. "ही तिच्या बोटांतून सुटली. ही पण. ही मी जाळली. हिचं टोपण राहिलं. हिचंही राहिलं, परत माझ्याकडूनच."

"मग?"

"सहावीला मी गन टेकवणार, तेवढ्यात तिने हात मध्ये घातला. म्हणाली, टोपण कुठंय? इलास्टिक घातल्याशिवाय नेफ्याचं तोंड शिवतोस होय रे?"

चाचांची बोटं थांबली.

"कुठला हात घातला मधी?"

महांतेशचे डोळे भरून आले. साठ माणसांचा साहेब, पण बाहीने डोळे पुसले.

"उजवा," तो म्हणाला.

...

माझेही डोळे ओले झाले. मी ट्रान्झिस्टरचं बटण उगाच फिरवून पाहिलं.

"उजव्या हाताने अजून पेला धरवत नाही," महांतेश सांगत होता. "पण अंगठा आणि पहिलं बोट जुळतं. तारेवरचं कव्हर सोलते. चेंडू कुठे आहे कुणास ठाऊक, तक्ता मी काढून टाकला. सकाळी चहा झाला की मलाच हाक मारते, चल रे, आवाज कुठं अडकलाय बघू. पिन उघडते, चष्मा नाकावर ओढून तपासते, एक तार सोडवते, परत लावते. मी नुसतं मनगट टेकवून बसतो."

"आणि गेम?"

"खेळत नाही! म्हणते, मुक्याने कसलं खेळायचं? आवाज आल्यावर खेळणार म्हणते."

तो थोडा पुढे सरकला. आवाज खाली आणला, जणू आई दाराबाहेर उभी आहे.

"चाचा, चूक मला परवाच दिसली. तारेभोवती तांब्याची जाळी असते ना, तिचा एक केसाएवढा तुकडा आवाजाच्या तारेला टेकलाय. चिमट्याने ओढला की झालं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

"तिला सांगितलंस?"

"तेच विचारायला आलोय."

चाचांनी ब्रश उचलला. माझ्या ट्रान्झिस्टरच्या आत हळूहळू फिरवायला लागले. आत धूळ नव्हती, चांगला दोन महिने रोज झाडला जात होता तो. त्याचंही अर्ध्या मिनिटाचंच काम राहिलं असेल का? मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"एवढ्यात नको सांगू," ते म्हणाले.