बकुळाने निवडलेला गालिचा

डोंगराच्या कुशीत, करवंदीच्या जाळ्यांमागे, एक इवलंसं घर होतं. त्यात बकुळा राहायची. तिची आई केरसुण्या बांधायची आणि बाबा त्या बाजारात विकायचे. घर स्वच्छ, पण जमीन मातीची. हिवाळ्यात ती अशी गार पडायची की रांगणारा धाकटा सोनबा कळवळून रडायचा. त्याचे चिमुकले गुडघे सोलवटून जायचे. आणि जमिनीची माती उडाली की आईला खोकल्याची उबळ यायची. ती थांबता थांबत नसे. बकुळा आईची पाठ चोळत बसायची.

एका सकाळी ती सरपण आणायला रानात गेली. घाणेरीच्या झुडपात काहीतरी लुकलुकत होतं. पाहते तर काय, बोटभर उंचीची परी! तिचा मोरपंखी पंख काट्यांत अडकला होता.

"हलू नकोस हं, पंख फाटेल," बकुळा म्हणाली. तिने एकेक काटा बाजूला केला. बोटं रक्ताळली, पण पंखाला ओरखडाही येऊ दिला नाही.

परी भुर्रकन उडून फांदीवर बसली. "गुणाची गं माझी! माग, काय हवं?"

"आमच्या घरात अंथरायला काहीतरी मऊ दे."

परीने टाळी वाजवली. हिरव्यागार गवतावर तीन गालिचे उलगडले.

"एकच घ्यायचा. एकदा घरात अंथरला की बदलून मिळणार नाही. आणि त्या ढगाची सावली या झाडाला टेकायच्या आत ठरवायचं."

पहिला गालिचा डाळिंबी रेशमाचा होता, त्यावर सोनेरी पाखरं झगमगत होती. बकुळाने पाय ठेवला आणि ती सर्रकन घसरली. 'सोनबा उभा कसा राहील यावर?'

दुसरा पांढऱ्याशुभ्र लोकरीचा. त्यात पावलं घोट्यापर्यंत बुडाली. अहाहा, किती ऊबदार! "हाच" म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तिला आईचा खोकला आठवला. या लोकरीत माती जाऊन बसली, तर कितीही झटकून निघायची नाही.

सावली सरसर जवळ येत होती. बकुळा घाईघाईने तिसऱ्या गालिच्याकडे वळली.

तिसरा जाड सुताचा, निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा. तिने तो उचलून पाहिला.

"हा ओढ्यावर धुता येईल?"

"येईल की."

"वाळायला किती वेळ?"

"सकाळी धुतलास तर दुपारपर्यंत."

"मग हाच!"

तेवढ्यात सावली झाडाला टेकली.

बकुळाने गालिचा घरी नेऊन अंथरला. पण तिच्या जिवाला घोर लागला. आपलं चुकलं तर नाही ना? रोज सकाळी ती तो अंगणात झटकायची. रोज कान देऊन आईचा खोकला ऐकायची.

आठव्या दिवशी बाबा बाजारातून आले आणि दारातच थबकले. "अगं, आज खोकला ऐकू नाही आला तुझा!"

"अगं बाई, खरंच की!" आई म्हणाली.

बकुळाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने आईला घट्ट मिठी मारली.

तेव्हाच खिडकीतून परी आत आली. "सोनेरी पाखरं सोडून तू घरच्यांचा विचार केलास, बाळ. आता हा गालिचा थंडीत ऊब देईल, उन्हाळ्यात गारवा, आणि कधी विरणार नाही."

तिने गालिच्याला हळूच बोट लावलं. घरभर मधाळ उजेड पसरला, आणि त्या उजेडात परी विरघळून गेली. उजेड धरायला सोनबा दोन्ही हात पसरून उठला, त्याने पहिलं पाऊल टाकलं, तो धप्पकन पडला, आणि खुदकन हसला.